शून्य एक आठ एक

पहिली काच फुटली तेव्हा ऑल्टबाईंना वाटलं, खाली कुणीतरी बाटल्यांचा ट्रे पाडला असेल. दुसरी फुटली तेव्हा त्यांनी नाक मुरडलं. या हॉस्पिटलात एक माणूस धड हातांचा असेल तर शपथ. तिसऱ्या काचेबरोबर माणसाची किंकाळी आली, आणि तेव्हा कुठे त्यांची बोटं कीबोर्डवरून उचलली गेली.

सकाळचे अकरा वाजले होते. रेकॉर्डची खोली दुसऱ्या मजल्यावर, लांबलचक कॉरिडॉरच्या टोकाला. दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि भिंतीला टेकून फायलींनी फुगलेली लोखंडी कपाटं. एका टेबलावर ऑल्टबाई, दुसऱ्यावर त्यांची भावजय, म्हणजे धाकट्या भावाची बायको. नणंद-भावजय एका घरात सुखानं नांदल्या तरी लोक तोंडात बोट घालतात. या दोघी तर एका खोलीत नोकरीही करत होत्या, आणि तीन वर्षांत एकीनंही दुसरीचा गळा धरला नव्हता. टोमणे होते, पण ते काय, जेवणात मीठ असावं तसे.

ऑल्टबाई हे नाव डॉक्टर मंडळींनी ठेवलेलं. कीबोर्डवर अक्षरं असतात, आकडे असतात, पण डॉक्टरांना लागणारी निम्मी चिन्हं त्यावर नसतातच. अंशाचं चिन्ह नाही, अधिक-उणे नाही, गुणाकाराची खरी फुली नाही. ती आणायची तर डाव्या अंगठ्यानं ऑल्टचं बटण दाबून धरायचं आणि उजवीकडच्या आकड्यांच्या चौकोनावर चार आकडी कोड मारायचा. अंश म्हणजे शून्य एक सात सहा. अधिक-उणे म्हणजे शून्य एक सात सात. गुणिले, शून्य दोन एक पाच. आणि म्यू, मायक्रोचं चिन्ह, डावीकडे शेपूट सोडलेल्या यू-सारखा दिसणारा µ, तो शून्य एक आठ एक. बाईंना असे दीडशे कोड पाठ होते. गाढ झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितले असते. वर झोप मोडली म्हणून चार शब्द सुनावले असते ते वेगळे.

टेबलावरचा फोन वाजला. खालच्या औषधघरातला कंपाउंडर होता, दहाच दिवसांपूर्वी कामावर लागलेला.

“बाई, दार लावून घ्या! वर येतायत!”

“कोण येतंय? नीट सांगा.”

“त्या पोरीचा बाप. सात नंबरच्या खाटेवरची, हृदयाची पेशंट, सकाळी गेली बघा. डॉक्टरांनी बाटली तपासली. औषध हजारपट निघालं. एकतीस नंबरच्या तक्त्यावर एम पडलाय, बाई! मायक्रोग्रॅमचं मिलिग्रॅम झालंय. मी कागदावर होतं तेच मोजलं, मी माझ्या मनानं काही... अहो, मारू नका, हा बघा कागद, हा बघा...”

शेवटचं बाईंसाठी नव्हतं. मग काठी मोडल्यासारखा आवाज आला. मोडली ती काठी नव्हती, कारण त्यानंतर कंपाउंडर जे ओरडला ते माणसाचं ओरडणं वाटलंच नाही. फोन बंद पडला.

गोष्ट अशी होती. लहान मुलांना लागतात इतक्या बारीक मापाची काही औषधं बाजारात तयार मिळत नाहीत. मग हॉस्पिटल ती स्वतःच बनवायचं. कंपाउंडर पावडर वजन करून पातळ औषधात मिसळायचा, आणि किती पावडर, किती पाणी याचा एकेका औषधाचा छापील तक्ता त्याच्यासमोर भिंतीवर लावलेला असायचा. असे चाळीस तक्ते. सगळे याच खोलीत टाइप झालेले. चमच्याला पन्नास मायक्रोग्रॅम लिहायचं तर 50 µg. त्यातला µ गेला आणि जागी m आला की तेच औषध हजारपट होतं. जुना कंपाउंडर असता तर पावडरीचा ढीग बघून त्याचा हात थबकला असता. हा नवा होता. नवा माणूस कागदाला देव मानतो.

“काय झालं, वन्सं?” भावजय उभी राहिली होती.

“तक्ता नंबर एकतीस कुणी केला?”

“मी केला. का?”

“त्यात एम मारलास तू. म्यूच्या जागी एम! पोरगी मेली त्यापायी.”

भावजयीचा चेहरा पांढराफटक पडला. “नाही हो! म्यूच होता. मी माझ्या डोळ्यांनी बघितला, पडद्यावर म्यू होता, कागदावर म्यू होता. डॉक्टरांनी सही केली त्यावर!”

“मग काय उंदरानं बदलला?”

या घडीलाही बाईंची जीभ काही गप्प बसेना. पण हात चालत होते. त्यांनी दाराला कडी घातली, दोघींनी मिळून एक कपाट ढकलत दाराशी आणलं. फायली घसरून पायांवर पडल्या. खिडकीतून खालचं आवार दिसत होतं, आणि बाईंनी तिथे बघायला नको होतं.

डॉक्टरला दोघांनी पायांना धरून बाहेरच्या पायऱ्यांवरून ओढत आणलं होतं. प्रत्येक पायरीला त्याचं डोकं आपटत होतं. आडव्या आलेल्या शिपायाच्या तोंडावर कुणीतरी खुर्ची घातली. तो भिंतीला धरून बसला आणि ओंजळीत दात थुंकू लागला. तीस-चाळीस माणसं असतील. सगळ्यांना मुलगी माहीत होती असंही नाही. काही तर नुसतीच आली होती, कारण काच फोडायला मिळत होती. अशा वेळी दुःख एकाचं असतं आणि खाज शंभर जणांची.

त्या गर्दीत एकच माणूस कुणाला मारत नव्हता. एका हातात लोखंडी पाइप, दुसऱ्या हातात कागद, आणि तो कागद डोळ्यांशी धरून वाचत होता. मग त्यानं मान वर करून इमारतीच्या खिडक्यांकडे बघितलं आणि दाराकडे चालू लागला. त्याच्यामागून बाकीचे.

“कागदाखाली माझी अक्षरं आहेत ना, वन्सं?” भावजय म्हणाली.

होती. प्रत्येक तक्त्याच्या तळाशी टाइप करणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरं घालायची हा नियमच होता. नियम बाईंनीच घातलेला. चूक कुणाची ते कळलं पाहिजे, असं त्या नेहमी म्हणत.

आता दुसरं कुणी असतं तर टेबलाखाली शिरलं असतं, खिडकीतून हाका मारल्या असत्या. बाई कॉम्प्युटरसमोर बसल्या. भावजयीनं एम मारला होता हे त्यांना दाखवून द्यायचं होतं, निदान तिला तरी. जिन्यावर पावलं वाजत होती आणि या बाई फाइल उघडत होत्या.

तक्ता नंबर एकतीस उघडला. 50 mg. स्वच्छ, ठसठशीत एम. “बघ!” म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्यांना जुन्या प्रतीची आठवण झाली. कुठल्याही फाइलला हात लावायचा तर आधी तिची मूळ प्रत बाजूला ठेवायची, ही त्यांची शिस्त. त्यांनी ती मूळ प्रत उघडली.

50 µg.

म्यू होता. शेपटीसकट होता. बाईंनी त्यावर माउस नेऊन टिचकी मारली आणि वरच्या पट्टीत फॉन्टचं नाव बघितलं. सगळ्या कागदाचा फॉन्ट एक आणि या एका अक्षराचा दुसराच. सिम्बॉल.

काय झालं ते त्यांना कळलं. दुसऱ्या कुणाला समजावून सांगायला अर्धा तास लागला असता. बाईंना अर्धं मिनिट लागलं नाही.

सिम्बॉल नावाचा एक फॉन्ट असतो. त्यात साधं एम दाबलं की पडद्यावर µ उमटतो. कोड पाठ नसलेल्या लोकांची ही पळवाट. दिसायला म्यू, आतून एमच. वरून नुसता अंगरखा चढवलेला. आणि अंगरखा काढला की आतला एम उघडा पडतो. गेल्या सोमवारी बाईंनी सगळे चाळीस तक्ते डोळ्यांखालून घातले होते. कुठे फॉन्ट लहान, कुठे मोठा, एकतिसाव्यात एक ओळ किंचित वर उचललेली. बाईंच्या डोळ्यांना ते सहन होईना. त्यांनी एकेक तक्ता उघडून कंट्रोल-ए दाबलं, सगळा मजकूर निवडला आणि एकच फॉन्ट दिला. सगळं कसं एका ओळीत, नीटनेटकं. त्यांनी स्वतः कोड मारून घातलेले म्यू जसेच्या तसे राहिले. भावजयीच्या म्यूचा अंगरखा गळून पडला. नवे तक्ते छापले, जुने फाडले, भिंतीवर नवे लागले. बाईंनी छापलेले कागद तपासलेही होते. पण त्या समास बघत होत्या.

आणि भावजयीनं पळवाट का धरली? तिच्या टेबलावर छोटा कीबोर्ड होता. त्याला आकड्यांचा चौकोनच नव्हता, कोड मारणार कुठे? मोठा कीबोर्ड एकच, तो बाईंचा. तिनं दोनदा मागितला होता. “आधी कोड पाठ कर, मग कीबोर्ड माग,” असं बाईंनी उत्तर दिलं होतं, आणि दुपारच्या चहाला ते चार जणींना हसून सांगितलंही होतं.

दारावर पहिला दणका बसला.

“काय दिसलं, वन्सं?” भावजय कपाटाला पाठ लावून उभी होती. “माझंच आहे का?”

बाईंनी पडद्यावरून नजर काढली नाही.

“बघते आहे,” त्या म्हणाल्या.

दुसरा दणका. कडीचे स्क्रू सुटले. बाहेरून पहार घातली होती. फटीतून तिचं टोक आत आलं आणि भावजयीच्या कमरेपासून वीतभर अंतरावरून कपाटाच्या पत्र्यात घुसलं. ती किंचाळून बाजूला झाली. कपाट डोललं आणि तोंडावर पडलं, आणि त्याच्या पाठीवर पाय देऊन माणसं आत आली.

पुढे पहारवाला होता, मुलीचा काका. धिप्पाड, घामानं निथळणारा, तोंडाला फेस आल्यासारखा. त्यानं आत आल्या आल्या भावजयीच्या टेबलावरचा कॉम्प्युटर पहारीनं उडवला. काच, प्लॅस्टिक सगळीकडे. मग प्रिंटर. मागच्यांनी कपाटं पाडायला सुरुवात केली, वर्षानुवर्षांचे कागद पायाखाली आले. त्यांच्यामधून मुलीचा बाप शांतपणे चालत आला. वेल्डर होता तो. दोन्ही हातांवर ठिणग्यांचे जुने काळे डाग. कागद अजून हातात, आता त्यावर कंपाउंडरचं रक्त.

“हे कुणी टाइप केलं?” त्यानं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. त्यानं कागदाच्या तळाची दोन अक्षरं मोठ्यानं वाचली. “ही कुणाची?”

बाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या पाठीमागे पडद्यावर म्यू तसाच उघडा होता.

‘मी’ हा शब्द केवढा? एक अक्षर, एक वेलांटी. दीडशे चिन्हं बोटांवर नाचवणाऱ्या बाईला तेवढं एक अक्षर तोंडातून काढता आलं नाही. दातखीळ बसली होती असं त्या पुढे स्वतःला सांगत राहिल्या, पण तेही खरं नव्हतं. दातखीळ बसलेल्या माणसाला विचार सुचत नाहीत. बाईंना सुचत होते. अक्षरं तिची आहेत. पळवाट तिनं काढली. कोड पाठ केला असता तर हे झालंच नसतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर आधी स्वतःला पटवावं लागतं की संन्याशाचंही काहीतरी चुकलंच असेल.

“माझी,” भावजय म्हणाली. “मी केलं टाइप. पण देवाशपथ सांगते दादा, मी बरोबरच...”

काकानं तिच्या कानशिलात लगावली. ती टेबलावर आदळली. तिचं उजवं मनगट धरून त्यानं हात टेबलावर दाबून धरला, पंजा पसरून.

“ह्याच हातानं ना?” तो म्हणाला. “दादा, घे.”

वेल्डरनं पाइप उचलला. इतकी वर्षं लोखंडावर काम केलेला माणूस. घाव कुठे बसवायचा ते त्याला माहीत होतं. पाइप खाली आला. बोटांची हाडं मोडताना आवाज मोठा होत नाही, बारीक होतो. भावजयीच्या तोंडातून आधी काहीच बाहेर पडलं नाही, नुसता जबडा उघडा राहिला. मग ती ओरडली. टेबलावर तिचा पंजा होता, पण त्यातली तीन बोटं हाताची वाटत नव्हती. कुठल्या दिशेला वळायचं तेच ती विसरली होती.

वेल्डरनं पाइप पुन्हा उचलला. आता तो पंज्याकडे बघत नव्हता. डोक्याकडे बघत होता.

“मी!” ऑल्टबाई ओरडल्या. “मी केलं! तिनं नाही, मी केलं!”

पाइप वरच थांबला. वेल्डरनं त्यांच्याकडे बघितलं. पिकलेले केस, चष्मा, चष्म्याची साखळी.

“मावशी, तुम्ही मध्ये पडू नका,” तो म्हणाला. “माझ्याकडे कागद आहे.”

“कागद खोटा आहे.”

“वन्सं, नका,” भावजय हुंदक्यांतून म्हणाली. तिला वाटलं, नणंद तिच्यासाठी जीव धोक्यात घालते आहे. “माझ्यासाठी नका हो खोटं बोलू. घरी मुलांकडे बघायला कुणीतरी पाहिजे.”

पाइपचा घाव बसला असता तर परवडलं असतं. बाई उठल्या, वेल्डरची बाही धरली आणि त्याला कॉम्प्युटरपाशी ओढलं. का कोण जाणे, तो आला.

“हे बघा. हे तिनं टाइप केलं होतं. इथे बघा, हा म्यू. पन्नास मायक्रो. बरोबर आहे. यानं तुमच्या पोरीला काही झालं नसतं.” त्यांनी कंट्रोल-ए दाबलं. सगळा कागद निळा झाला. “आणि हे मी केलं. सोमवारी.” त्यांनी फॉन्ट बदलला.

µ गेला. जागी m आला. एवढंच. आवाज नाही, धूर नाही.

वेल्डर पडद्याच्या इतका जवळ वाकला की त्याच्या श्वासानं काच धुरकटली.

“कशाला?” त्यानं विचारलं.

बाईंना दुसरं उत्तर सुचेना, कारण दुसरं नव्हतंच. “कागद नीट दिसावा म्हणून.”

खोलीतला गोंधळ थांबला नव्हता. मागे कुणीतरी पंखा उपटत होतं. वेल्डरनं एम-वर बोट ठेवलं.

“हे परत पहिल्यासारखं होतं का?”

“होतं.”

“कर.”

बाईंनी कंट्रोल-झेड दाबलं. केलेलं मागे घ्यायचं बटण. m गेला, µ आला.

“परत कर.”

m.

“परत.”

µ. पाइप त्याच्या हातातून घसरून जमिनीवर टेकला होता. तो त्या शेपटीवाल्या अक्षराकडे असा बघत होता, जसं कुणी दाराच्या फटीतून आत झोपलेल्या लेकराकडे बघावं.

“हे असतं,” तो म्हणाला, “तर आज तिला घरी सोडणार होते. सकाळी सोडणार होते.”

“हो.”

“मग आता राहू दे. तसंच ठेवा. आता बदलू नका.”

“दादा, बघतोस काय?” काका ओरडला. “म्हातारी कबूल करते आहे! मार तिला!” वेल्डर हलला नाही. तेव्हा काकानं बाईंच्या खुर्चीला लाथ घातली. बाई खुर्चीसकट आडव्या झाल्या, उजवा खांदा जमिनीवर आपटला आणि आत काहीतरी निखळल्याचं त्यांना स्पष्ट कळलं. पुढची लाथ बरगडीत बसली, त्यापुढची तोंडावर. चष्मा गालात रुतला. त्या ओरडल्या नाहीत. आपल्याला लागतंय ते योग्यच आहे, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्याची त्यांना लाजही वाटली. एवढ्यानं हिशेब चुकता होतो असं कुठे होतं?

मग काकानं दोन्ही हातांनी पहार उचलली ती बाईंवर नाही, कॉम्प्युटरवर. “ह्यानंच मारलं ना पोरीला? ह्यानंच ना?”

“हात लावू नकोस!”

वेल्डरनं पाइप आडवा फिरवला. घाव सख्ख्या भावाच्या कोपरावर बसला. पहार खाली पडली, काका गुडघ्यांवर आला, तोंड वासून, विश्वासच बसत नसल्यासारखा. वेल्डरनं त्याला दुसरा हाणला, पाठीत. मागचे चार जण पुढे झाले तर त्यानं त्यांच्यावरही पाइप उगारला. ज्यांना घेऊन तो वर आला होता त्यांनाच तो कॉम्प्युटरपुढे उभा राहून झोडपत होता. एकाच्या कपाळातून रक्ताची धार लागली. एक जण पडलेल्या कपाटावर पाठमोरा कोसळला.

“कुणी हात लावायचा नाही!” तो ओरडत होता. “ती आहे अजून! तिथे ती बरी आहे!”

असाच तो पोलिसांना सापडला. त्याला खाली पाडायला पाच जण लागले. पालथा घातला, हात मागे बांधले, एकानं पाठीवर गुडघा रोवला. बाकीची गर्दी कुठल्या कुठे पांगली होती. शंभर जणांची खाज अशीच असते, पोलीस दिसले की जिरते.

भावजयीसाठी स्ट्रेचर आला. तिनं आधी बसून घेतलं, हात छातीशी धरून, आणि भिंतीला टेकवून बसवलेल्या नणंदेकडे बघितलं. बाईंचा उजवा हात लोंबत होता, ओठ फाटला होता. आतापर्यंत सगळं भावजयीच्या नीट ध्यानात आलं होतं. ती काही मठ्ठ नव्हती, बाई म्हणत असल्या तरी.

“वन्सं,” ती म्हणाली, “तुम्हाला कधी कळलं?”

बाईंना खोटं बोलता आलं असतं. ओरडले त्याच वेळी कळलं, असं म्हणाल्या असत्या तर कुणी तपासायला येणार नव्हतं.

“दार तुटायच्या आधी,” त्या म्हणाल्या.

भावजय उठली. दोन पावलं चालली. आणि डाव्या हातानं, अंगात होता नव्हता तेवढा जोर काढून, तिनं नणंदेच्या तोंडात मारली. एकदाच. मग ती स्ट्रेचरवर जाऊन आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड केलं. कुणी तिला अडवलं नाही. बाईंनी गाल चोळलाही नाही.

फौजदार म्हातारा होता, सावकाश बोलणारा. त्यानं कॉम्प्युटरकडे बघितलं. फुटलेल्या त्या खोलीत तेवढी एकच वस्तू शाबूत होती.

“बाई, तुमचं म्हणणं मला लिहून घ्यायचंय, पण हे चिन्हांचं काही माझ्या डोक्यात शिरत नाही,” तो म्हणाला. “सोमवारी तुम्ही काय केलंत ते माझ्यासमोर करून दाखवा. तेवढं झालं की तुम्हाला खाली नेतो.”

“तसंच राहू दे ना, साहेब,” बाई म्हणाल्या. “तोंडानं सांगते.”

“तोंडी नको. उद्या तुम्हीच फिरवाल. करून दाखवा.”

दोघा शिपायांनी त्यांना उचलून खुर्चीत बसवलं. उजवा हात कामाचा नव्हता. त्यांनी डावा पुढे केला.

जमिनीवरून वेल्डरला पडदा दिसत होता. त्यानं मान वळवून ठेवली होती, गाल कागदांत दाबलेला. “मावशी,” तो म्हणाला. “मावशी, नका. तुमच्या पाया पडतो. मला आधी न्या इथून, मग करा.”

“न्या हो त्याला,” बाई म्हणाल्या.

“गाडी यायची आहे,” फौजदार म्हणाला. “करा तुम्ही. मी बघतोय.”

बाईंनी डाव्या हातानं कंट्रोल-ए दाबलं. कागद निळा झाला. त्यांनी चाचपडत माउस धरला, वरच्या पट्टीत फॉन्टचं नाव शोधलं आणि टिचकी मारली.

सकाळी सात नंबरच्या खाटेशी उभा असताना त्याच्या तोंडून आवाजच फुटला नव्हता, नुसता बघत राहिला होता, असं नर्सनं नंतर सांगितलं. आता तो ओरडला.